दोन सुतांचा फरक

आमच्या जुन्या पिकअपचा उजव्या बाजूचा पुढचा मडगार्ड दरवाजापासून दोन सूत लांब राहत होता. बोनेटच्या कडेशी जुळवावा तर खाली पायरीपाशी बोट जाईल एवढी फट. पायरीपाशी जुळवावा तर वरच्या बोल्टची भोकं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मडगार्ड कोरा होता. काळ्या प्रायमरात, खोक्यात थर्माकोलच्या गादीवर निजून, अमेरिकेहून समुद्रमार्गे दोन महिन्यांनी आलेला. त्याच्यावर जेवढे पैसे गेले तेवढ्यात आमच्या गावात एक चांगली दुभती गाय आली असती, हे आईने मला दोनदा ऐकवून झालं होतं.

दोन सूत म्हणजे पाव इंच. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. सरकारने मीटर आणून साठ वर्षं होऊन गेली, पण गॅरेजात अजून चार सुताचा पाना, अडीच सुताचा बोल्ट असंच चालतं, आणि जुन्या अमेरिकन गाडीवर काम करताना हा हट्ट फार सोयीचा पडतो. तिचा प्रत्येक नट सुतातच बोलतो.

मेस्त्रीने मडगार्ड चार वेळा चढवला, चार वेळा उतरवला. पाचव्यांदा तो हात पुसत खाली बसला आणि चहा सांगा म्हणाला. तोवर मनातल्या मनात मी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून टाकला होता. डुप्लिकेट तो डुप्लिकेटच, असं काहीतरी मोठ्यानेही बोललो असेन. मेस्त्री काही बोलला नाही. चहा झाल्यावर त्याने गवंड्याचा ओळंबा मागवला. गाडी लोखंडी घोड्यांवर उभी होतीच. चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, कारखान्यातूनच पडलेली ठरावीक भोकं असतात, डावी-उजवी समोरासमोर. त्या एकेका भोकातून त्याने ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी दोरी ताणली, गाठ मारली, आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. चौकट सरळ असेल तर दोन्ही तिरपी मापं सारखी यायला हवीत. आमची चार सुतांनी चुकली.

“हो पार्ट खोटो नाय, भाई,” दोडामार्गचा आमचा मेस्त्री म्हणाला. “पार्ट सरळ आसा. गाडी वाकडी आसा.”

गाडी म्हणजे शेव्हरोलेटची १९५१ सालची अर्ध्या टनाची पिकअप. गावात तिला कोणी शेव्हरोलेट म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘सोड्याची गाडी’ हेच नाव. गोव्यात डिचोलीजवळ आमच्या घरामागे सोडा वॉटरचा कारखाना होता. कारखाना हा शब्द मोठा झाला. एक पत्र्याची शेड, एक गॅसचं सिलिंडर, हाताने फिरवायचं एक मशीन आणि गोटीच्या बाटल्या. आजोबांनी ही पिकअप १९६३ साली एका खाणवाल्याकडून जुनी घेतली. मुरगाव बंदरावर उतरून ती थेट खाणीवर गेली होती म्हणतात. गोवा पोर्तुगीजांकडे असताना भारताने केलेल्या नाकेबंदीच्या काळात शेजारच्या रत्नागिरीत सायकलच्या टायरसाठी चिठ्ठ्या लागत, आणि इथे खाणीच्या लाल धुळीत अमेरिकन गाड्या फिरत होत्या, हे सांगताना आजोबांचा चेहरा अभिमानाचा होई की शरमेचा, ते मला कधी कळलं नाही.

गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोवा डावीकडूनच चालत राहिला. जमिनीच्या तिन्ही बाजूंनी शेजारी डावीकडून चालवणारा असताना एकट्याने बाजू बदलून काय करणार? या एका गोष्टीने आम्हाला पुढे फार छळलं. त्याकडे येतोच.

बाबांनी ती १९८६ पर्यंत चालवली. रोज सकाळी मये, नार्वे, साखळी, आणि वैशाखात शिरगावच्या लईराईच्या जत्रेला रात्रभर. सोड्याच्या खोक्यांचा खणखणाट दोन वाड्या आधी ऐकू येई. पावसाळ्यात नाटकमंडळींचे पडदे आणि पेटी-तबला इकडून तिकडे नेण्यासाठी ती फुकट जाई. आई बाबांच्या शेजारी डावीकडे बसायची आणि अख्ख्या रस्त्याला तिचा एक हात खिडकीबाहेर असायचा. हवा खायला नव्हे. डाव्या दाराच्या बिजागऱ्या झिजून दार खाली आलं होतं, ते वर उचलून दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, आणि लागलं तरी वळणावर उघडायचं. म्हणून आईने ते बाहेरून धरून ठेवायचं. माझ्या लहानपणच्या बहुतेक आठवणींत आईचा उजवा हात माझ्या दंडावर आणि डावा दारावर आहे.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, गोटीसोडा संपला, आणि गाडी कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, मांगरात गेली. मांगर म्हणजे बागेतली शेड. तीस-एक वर्षं सुपारीच्या झावळ्यांखाली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोखंडाला गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतून तो कधीच जेवून उठलेला असतो.

नीट करायची असं मी २०१८ मध्ये ठरवलं. का ठरवलं याचं चांगलं कारण मला आजही देता येत नाही. बाबा गेले होते, मांगराचं छप्पर बसत चाललं होतं, आणि भंगारवाला दर दोन महिन्यांनी विचारून जात होता.

आपल्याकडे ‘डुप्लिकेट’ ही शिवी आहे. दुकानदार काउंटरवर दोन डबे ठेवतो आणि विचारतो, ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट? दुसऱ्याची किंमत निम्मी, आणि तो घेताना आपणही जरा मान खाली घालतो. पण तीच वस्तू अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या कॅटलॉगात ‘रिप्रॉडक्शन’ होते आणि तिची किंमत कधीकधी मूळ वस्तूपेक्षाही चढते. यात लबाडी आहे असं मला आधी वाटायचं. नंतर लक्षात आलं की फरक आहे. डुप्लिकेट हे ओरिजिनल शेजारी हजर असताना त्याचं सोंग घेतं. ही दुसरी जात ओरिजिनल संपल्यावर येते. १९४७ च्या जूनमध्ये आमच्या पिकअपची मॉडेलं निघाली, १९५५ पर्यंत चालली, पुढे साचे गेले, आणि तरीही हजारो माणसं त्या गाड्या जपून आहेत म्हणून कोणीतरी पुन्हा साचा करतं. मडगार्ड, फरशीचा पत्रा, केबिनचे कोपरे, रबरं, वायरिंग, अगदी पाय ठेवायची पायरीसुद्धा नवी मिळते. विलिज जीपची तर फिलिपिन्समध्ये अख्खी बॉडी नवी बनते. जीपचं भाग्य आमच्या गाडीला नाही, पण तिचंही बरंच काही मिळतं.

मिळतं, पण कुठल्या वर्षाचं हे ओळखणं आपल्यावर. बाहेरून सात-आठ वर्षं ही गाडी एकसारखीच दिसते आणि आतून दरवर्षी काहीतरी बदलत जाते. १९४९ मध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्ये आली. १९५० मध्ये जुन्या दांड्याच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या जागी नळीचे आले. १९५१ मध्ये दाराच्या काचेत पुढे ती छोटी तिकोनी खिडकी आली. बाहेरची मूठ मात्र अजून खाली फिरवायचीच होती. बटण दाबायची मूठ १९५२ मध्ये आली. हे मला मूठ मागवून झाल्यावर समजलं. बटणाच्या दोन सुंदर मुठी अजून आमच्या शोकेसमध्ये, नातवाच्या कराटेच्या कपांशेजारी आहेत.

उजव्या स्टिअरिंगचा छळ वायरिंगपासून सुरू झाला. नवं वायरिंग अगदी जुन्यासारखं, कापडी वेष्टणाचं, रंगीत दोरे गुंफलेलं. हातात घेतल्यावर वापरवेना इतकं देखणं. पण ते डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं. आमचा डिपरचा पायाने दाबायचा स्विच केबिनच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिकडे जाणारी वायर सव्वा फूट कमी. जिथे काही नाही तिथे एक लांबलचक फाटा लोंबकळतोय. म्हापशाच्या इलेक्ट्रिशियनने ते अंथरुणासारखं जमिनीवर पसरलं, तासभर नुसतं पाहिलं, आणि मग कात्री मागितली. त्या दिवशी मी तिथे थांबलो नाही. त्याने एक मात्र नीट केलं: बॅटरीच्या केबली जाड घातल्या. गाडी सहा व्होल्टची. तेवढंच काम सहा व्होल्टकडून करून घ्यायचं तर करंट दुप्पट लागतो, आणि बारीक केबल टाकली की सेल्फ दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. बाबांच्या शेवटच्या वर्षांत आम्ही गाडी ढकलून चालू करायचो. दोष बॅटरीचा असं सगळे समजत होते. तो होता एका बारक्या केबलीचा.

आणि मागचे दिवे. अमेरिकेतल्या दुकानातून मागवले, डॉलर मोजले, कस्टम भरलं. खोकं उघडून पाहतो तर काचेच्या आतल्या बाजूला उठावाच्या अक्षरांत ‘मेड इन इंडिया’. आपल्याच देशात कुठेतरी बनून ते सात समुद्र ओलांडून गेले होते आणि माझ्यासाठी परत आले होते. मेस्त्री पोट धरून हसला. दिवे मात्र पहिल्या फटक्यात बसले. चारही भोकं जुळलेला तो एकच पार्ट.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते मी केलं नाही. सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, आणि कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे सुटे बेअरिंग शेल नाहीत. रॉडमध्येच व्हाइट मेटल, म्हणजे एक मऊ मिश्रधातू, ओतलेलं. खाली तेलाच्या तव्यात रॉडच्या टोकाची पळी बुडते आणि तेल वर उडवते, अशी जुनी व्यवस्था. व्हाइट मेटल ओतून ते मापात कातणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. कोल्हापूरला उद्यमनगरात एक म्हातारे सापडले. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावमार्गे इंजिन नेलं, तीन महिन्यांनी आणलं. ते आजवर एकदाही कुरकुरलेलं नाही. मागवलेला एकही पार्ट त्यात नाही, फक्त गॅस्केटं.

खरी लढाई पत्र्याची. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे आणि पायाखालची फरशी नुसत्या रंगाच्या आधारावर उभी होती. नवे कोपरे आले. मेस्त्रीने कॅलिपर लावला: जुना शिल्लक पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास, नवा एक मिलिमीटरही भरेना. जाडीतला एवढासा फरक वेल्डिंग करताना समजतो. जुना तापेपर्यंत नवा वितळून भोक पडतं. मग सलग ओळ न मारता टिपका-टिपका, एक टाका इथे, एक वीतभर पलीकडे, मध्ये ओल्या फडक्याने थंड करायचं. एका कोपऱ्याला दीड दिवस गेला. नव्या पत्र्यावरचा काळा थर ठेवायचा की घासून काढायचा यावर गॅरेजात दोन तट पडले. तो नुसता प्रवासापुरता लावतात, काढलाच पाहिजे, असं पेंटरचं म्हणणं. चिकटून बसलाय तर कशाला उघडा पाडायचा, समुद्राची हवा आहे, असं मेस्त्रीचं. शेवटी बारीक पेपरने खरवडून त्याच्यावरच मारलं. हे बरोबर केलं की नाही ते आणखी पाच-सहा पावसाळ्यांनी कळेल.

एक नियम मात्र मी मेस्त्रीकडून शिकलो आणि तो मोडला की रडायची पाळी येते. रंगाच्या आधी सगळं एकदा गाडीवर चढवून बघायचं. दारं, मडगार्ड, बोनेट, काचा, रबरंसुद्धा. फटी बघायच्या, चकत्या घालायच्या, भोकं कानशीने लांबट करायची, आणि मग सगळं पुन्हा उतरवून रंगाला द्यायचं. दोनदा बांधणं म्हणजे दुप्पट मजुरी हे उघड आहे, आणि म्हणूनच लोक ते टाळतात. मग रंगवलेल्या मडगार्डवर हातोडा मारायची वेळ येते.

तर तो मडगार्ड. गाडी वाकडी आहे हे कळल्यावर ती वाकली कधी हा प्रश्न आला. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मयेच्या मोरीवर. तुझी मुंज व्हायची होती. पावसात गुरं आडवी आली आणि ह्यांनी गाडी कठड्यावर घातली.” मग थोड्या वेळाने, “मला काही लागलं नाही. बाटल्या गेल्या सगळ्या.”

म्हणजे पन्नासेक वर्षं ही गाडी चार सुतांनी तिरकी होती आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण तेव्हाच्या कोणा कारागिराने मूळ मडगार्ड ठोकून ठोकून त्या तिरकेपणाशी जुळवून दिला होता. नव्याला त्या मोरीची काय कल्पना? तो डेट्रॉइटच्या नकाशाबरहुकूम आला होता आणि नकाशातली गाडी शोधत होता. आमच्याकडची गाडी त्या नकाशातून १९७४ च्या पावसाळ्यातच बाहेर पडली होती.

चॅसी सरळ करता आली असती. बेळगावला तशी सोय आहे, साखळ्या लावून ओढतात. पण चॅसीचे जोड रिबिटचे. एकीकडे ओढलं की दुसरीकडे रिबिटं सैल होतात, आणि मग केबिनचं सगळं जमलेलं पुन्हा बिघडतं. मेस्त्रीचा कल नाही म्हणायकडे होता. मी तीन दिवस घेतले. खरं तर मला कळत नव्हतं की आपण कुठली गाडी उभी करतोय. कारखान्यातून निघाली ती, की बाबांनी मांगरात लावली ती? पहिली मी कधी पाहिलेली नाही. दुसरीत दोष आहेत हे मला पक्कं माहीत आहे.

शेवटी केबिनखाली उजवीकडे दोन चकत्या जास्त घातल्या, मडगार्डची भोकं एक सूत लांबट केली, आणि उरलेला सूतभर फरक मडगार्डच्या मागच्या कडेला वेल्डिंगची सळी जोडून, घासून भरून काढला. आता फट सारखी दिसते. नव्या पार्टला वाकडेपणा शिकवला, असं मेस्त्री म्हणतो.

आईचं यावरचं मत कौलांवरून आलं. आमच्या घरावर मंगळुरी कौलं आहेत. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मग त्याचं पाहून इतरांनी काढले, आणि प्रत्येकाचा छाप वेगळा. सगळी कौलं लांबून लाल आणि सारखीच. पण एका छापाच्या कौलाची खाच दुसऱ्या छापाच्या कण्यावर नेमकी बसेलच असं नाही. एखाद-दुसरं फुटलं आणि बाजारात मिळेल ते आणून घातलं तर उन्हाळ्यात सगळं छान दिसतं. “पाऊस आला की दुसऱ्या छापाचं कौल आपणहून नाव सांगतं,” आई म्हणाली. तिच्याकडे माडीवर जुन्या छापाची चाळीस-पन्नास कौलं रचून ठेवलेली आहेत. शेजारी कोणी घर पाडलं की ती जाऊन मागून आणते. मी भंगारातून जुने पार्ट का शोधत नाही, असं तिला म्हणायचं होतं. शोधले मी. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस काढले. तिथे या गाडीच्या नावाने मला ट्रॅक्टरचा मडगार्ड दाखवला गेला.

हौद्याची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. या गाडीचा हौदा लाकडी फळ्यांचा, दोन फळ्यांमध्ये लोखंडी पट्टी, पट्टीत बोल्ट. बाबांनी मूळ फळ्या कधीच बदलल्या होत्या. कुळागरातला एक फणस वादळात पडला, त्याच्या फळ्या काढल्या होत्या. पिवळ्याजर्द, आता काळसर तपकिरी, आणि त्यांच्यावर सोड्याच्या खोक्यांनी पाडलेले चर इतके नेमके की खोकी कुठे कशी रचायचे ते आजही सांगता येईल. कॅटलॉगातला संच घरी आला: पट्ट्या, बोल्ट आणि परदेशी ओकच्या फळ्या. आमचा सुतार ओकवर नख दाबून बघत म्हणाला की लाकूड चांगलं आहे, पण आमच्या वाळवीला याची चव नवीन आहे, ती आधी हेच खाईल. फळ्या आम्ही बाजूला ठेवल्या. त्यांचं पुढे देवघराचं फडताळ झालं.

मग पट्ट्या मांडल्या आणि एक कमी पडली. पुन्हा मोजल्या. संचात सात. आमच्या हौद्याला हव्या आठ. कारण, जे मला आधी वाचायला हवं होतं: १९५१ च्या मध्यावर कंपनीने हौद्याच्या नऊ फळ्यांच्या आठ केल्या. आमची गाडी वर्षाच्या पहिल्या अर्धातली, नऊ फळ्यांची. संच दुसऱ्या अर्धाचा. नऊ फळ्यांना आठ पट्ट्या.

परत पाठवायचा खर्च पट्टीच्या दहापट. डिचोलीत ग्रिल-गेट करणारा एक पोरगा आहे. त्याला नमुना दिला. त्याने पत्रा कापून, मशीनवर वाकवून, दुसऱ्या दिवशी आठवी पट्टी आणून दिली आणि दोनशे रुपये घेतले. बोल्टाची चौकोनी भोकं त्याने कानशीने केली होती. फणसाच्या नऊपैकी पाच फळ्या धडधाकट निघाल्या. चार नव्या, फणसाच्याच, वाळपईच्या एका जुन्या घरातल्या तुळईतून काढलेल्या. आठ पट्ट्यांपैकी डिचोलीची कोणती हे मी कोणाला सांगत नाही. लोक गुडघ्यावर बसून शोधतात. दरवेळी अमेरिकेतल्याच एखाद्या पट्टीवर बोट ठेवतात.

समोरच्या काचेच्या रबराने दोन संध्याकाळी खाल्ल्या. नवं रबर गाडीच्या बोनेटइतकं ताठ. मेस्त्रीने ते आधी दिवसभर तापलेल्या पत्र्यावर टाकलं, मग गरम पाण्यात. रबराच्या आतल्या खाचेत सुतळी फिरवून दोन्ही टोकं आत केबिनमध्ये सोडली, कडेला साबणाचं पाणी, एकाने बाहेरून काच दाबायची आणि आतल्याने सुतळी हळूहळू ओढत जायचं, म्हणजे रबराची ओठी कडेवरून आत येते. तिसऱ्या खेपेला आली. पहिल्या पावसात डाव्या कोपऱ्यातून पाणी आलंच. पण त्या कोपऱ्यातून ते बाबांच्या वेळीही येत असे. आई तिथे फडकं खोचायची.

सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम काढला. पन्नास वर्षांपुढची गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात भरीव फेरफार न केलेली. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं चालते. अर्ज भरताना ‘मूळ स्वरूप’ या शब्दांपाशी माझं पेन थांबलं. फरशी तैवानची, दिवे भारतातून अमेरिकेमार्गे भारतात, हौदा आमच्या कुळागराचा, इंजिनात कोल्हापूरचं व्हाइट मेटल. आपल्याकडे या कामाला एक चांगला शब्द आहे, जीर्णोद्धार. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, आणि गोवा सरकारने परवा २०२३ मध्ये पुन्हा केला. देव मुळातला दिवाडी बेटावरचा, नदी ओलांडून आलेला. तिथे मूळ स्वरूप कुठलं हे कोणी अर्जात विचारत नाही. पण पिकअपला जीर्णोद्धार म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा मी आपलं ‘दुरुस्ती’ लिहिलं. तपासायला आलेल्या साहेबांनी चॅसीचा नंबर पाहिला, फोटो काढले, आणि हौद्यावर हात फिरवून विचारलं, “ह्याच्यातनं सोडा यायचा ना शिरगावच्या जत्रेत?”

या नोंदणीची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यालाच मुभा. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा अतिशय मनापासून पेट्रोल भरायला जातो.

पहिल्या खेपेला आई आली. आता तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. डाव्या दाराच्या बिजागऱ्यांना नव्या पिना आणि बुश घातलेत. सगळ्या खटाटोपात तेवढंच एक काम अर्ध्या तासात झालं होतं. दार आता बोटाने ढकललं तरी टक् करून लागतं. आई चढून बसली, नऊवारीचा पदर सावरला, दार ओढलं. टक्. तिने माझ्याकडे पाहिलं.

“लागलं?”

“लागलं.”

तिने ते उघडलं, दोन्ही हातांनी वर उचललं आणि दोनदा आपटलं. रंग नुकताच वाळला होता. मेस्त्री गेटापाशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले.

डिचोलीच्या पंपापर्यंत चार किलोमीटर. मयेची ती मोरी आता रुंद झाली आहे, कठडाही नवा आहे. गेलो, टाकी भरली, आलो. जाताना आणि येताना आईचा डावा हात खिडकीबाहेर होता, पंजा दारावर घट्ट दाबलेला.